शेहेचाळीस नंबरचा कान

१

मामांचा फायदा काय झाला, तो आधी मोजून टाकू. काचेच्या दाराची केबिन, फिरती खुर्ची, दारावर ‘सल्लागार’ अशी पितळी पाटी, आणि चहा कपबशीत. नऊ वर्षांपूर्वी हेच मामा मेव्हण्याच्या कारखान्यात लोखंडाच्या किसात बूट रुतवून उभे असत आणि फोनवर गिऱ्हाइकांना “उद्या नक्की” म्हणून सांगत. तिथून उठले ते थेट मोठ्या कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर. मधल्या काळात काही कागद गायब झाले होते, आणि त्या कागदांवर जे होतं तेच आता कंपनी विकत होती.

इतकं सरळ गणित समोर आलं की चाळणीबाईंच्या कपाळावर आठी पडायची.

चाळणीबाई पेटंट कार्यालयात एकतीस वर्षं परीक्षक होत्या. लोकांनी पाठवलेल्या शोधांची वर्णनं चाळायची, खडे काढायचे, पत्र धाडून खुलासे मागायचे. नाव लोकांनी पाठीमागे ठेवलेलं, पण बाईंना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. निवृत्त झाल्यापासून चाळायला घरात फक्त वर्तमानपत्र उरलं होतं. म्हणून एका सकाळी दारात फाइल घेऊन उभी असलेली चाळिशीची बाई दिसली, तेव्हा त्यांना बरंच वाटलं. तोंडाने मात्र त्या म्हणाल्या, “मी आता कामं घेत नाही हो.”

“ठाऊक आहे, मॅडम. मी प्रेसवाल्या मिस्त्रींची सून. त्यांच्या पेटंटवर परीक्षक म्हणून सही तुमची आहे.”

बाईंनी दार पूर्ण उघडलं.

सून खुर्चीच्या टोकाला बसली. पत्र्याला आकार देणारा प्रेस; त्यात माणसाचा हात राहिला तर चाक जागच्या जागी थांबवायचं, हा मिस्त्रींचा शोध. थांबवायच्या तऱ्हा दोन होत्या. एक मिस्त्रींची, चाकाच्या दात्यांत पडणारी खिट्टी. “आणि दुसरी, चाकाला करकचून आवळणारा पट्टा. पट्टा यांचा,” ती म्हणाली. ‘यांचा’ म्हणजे नवऱ्याचा. तो नऊ वर्षांपूर्वी त्याच कारखान्यात, प्रेसखाली गेला होता.

“आणि कंपनी पट्टा विकते.”

“हो. आम्ही दावा लावला, तर त्यांचा वकील म्हणतो, तुमच्या क्लेममध्ये, म्हणजे हक्काच्या कलमात, लिहिलंय ‘हात आत असताना चाक थांबवणारं साधन’. साधन म्हणजे कुठलं? आतल्या वर्णनात तर फक्त खिट्टी आहे. पट्ट्याशी तुमचा संबंध काय?”

“बरोबर बोलतोय मेला,” चाळणीबाई म्हणाल्या. “वस्तू काय आहे ते न सांगता ती काय करते एवढंच लिहिलं, की लोकांना वाटतं सगळं आभाळ कुंपणात आलं. कायदा विचारतो, हे काम कशाने करणार ते आत दाखवलंयस का? दाखवलंस तेवढं तुझं, आणि त्याच्या फार जवळचं असेल ते तुझं. बाकी आभाळ लोकांचं.”

“पण दाखवलं होतं, मॅडम! पट्ट्याच्या आकृत्या मी स्वतः शाईने काढल्या. मजकूरही मी वाचला. दाखल झालेल्या प्रतीत तो नाही. यांच्या मामांनीच काढून घेतलाय, आता ते त्याच कंपनीत आहेत.” तिने फाइल बाईंकडे सरकवली. “सुनावणी सोमवारी आहे. कारखाना बुडतोय, त्यामुळे पैसे नकोत असलं काही मी म्हणणार नाही. पण मला आधी कोर्टाच्या तोंडून ऐकायचंय, की पट्टा यांचा होता.”

चाळणीबाईंनी तिसरी आकृती उघडली आणि त्यांचं बोट एका आकड्यावर थांबलं. नऊ वर्षांपूर्वीही ते तिथेच थांबलं होतं. तेव्हा त्यांनी काय केलं, हे त्या सुनेला लगेच सांगू शकल्या नाहीत.

२

ज्या एजंटाने पेटंटचा मसुदा केला, तो आता जाड झाला होता, आणि त्याची कपाटं त्याहून जाड.

“मी कागद काढीन?” तो दुखावला. “बाई, दोन तऱ्हा लिहिल्या तर मला फी जास्त मिळते. एक काढून मी स्वतःच्या पायावर कशाला धोंडा मारून घेऊ?”

“मग पानांचे आकडे सलग कसे?”

“ते मी अगदी शेवटी घालतो. शुक्रवारी फाइल सहीसाठी कारखान्यात पाठवली. मामा येऊन घेऊन गेले, सोमवारी तेच परत घेऊन आले. प्रदर्शनात प्रेस दाखवून वर्ष पुरं होत होतं, सोमवारी दाखल झालं नसतं तर पेटंटच गेलं असतं. मी आकडे घातले आणि पळालो.”

“न वाचता.”

“सही बघितली की!”

“आणि चित्रातल्या भागांना नंबर देता ते कसे?”

इथे एजंटाला अभिमान वाटला. “पहिल्या तऱ्हेला दहापासून, दुसरीला चाळीसपासून. आणि आकृतीतला प्रत्येक नंबर मजकुरात आलाच पाहिजे. माझ्या हातून यात कधी चूक नाही.”

“तिसऱ्या आकृतीत ४६ आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “मजकुरात नाही.”

एजंटाने मूळ ट्रेसिंग काढलं. अर्धपारदर्शक कागदावर मधोमध चाक, डावीकडे खिट्टी, उजवीकडे मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत अधांतरी लटकलेला एक लहानसा लोखंडी कान, भोक पाडलेला, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या रेघेच्या टोकाला ४६.

बाईंनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. उजवीकडची जागा मोकळी नव्हती, मोकळी केलेली होती. ब्लेडने शाई रेघ-रेघ खरवडलेली, आणि खरवडलेली जागा घासून इतकी गुळगुळीत केलेली, की झेरॉक्सवर डागही उमटला नसता. हे चोराच्या घाईचं काम नव्हतं. कोणीतरी दोन-तीन तास बसलं होतं.

आणखी एक. बाकी सगळे आकडे एका हातचे, सुबक. या ४६ची रेघ मात्र जाड होती, आणि थरथरलेली.

“हा तुमच्या सुनेचा हात नाही,” एजंट पुटपुटला, जणू ती बाईंचीच सून होती. “हा कोणाचा?”

३

कारखान्यात तीन मशीन बंद आणि दोन चालू होती. मिस्त्री पंचाहत्तरीचे, ताठ. बोलताना ते हातातल्या तुकड्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवत, कुठे खरखर राहिलीय का बघत. समोर काही नसलं तर टेबलाच्या कडेवर.

“सरकारी मंडळी आमच्या दारात!” ते म्हणाले. “बसा. खुर्ची पुसलेली आहे, शपथेवर सांगतो.”

“मामांनी कागद पळवले असं सूनबाईंना वाटतं,” बाईंनी सरळ विचारलं. “तुम्हाला?”

“त्याला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. तो विकणारा माणूस.” नख कडेवर फिरत राहिलं. “आणि कागद गेले तर गेले. क्लेममध्ये ‘साधन’ आहे ना? मी एजंटाला विचारलं होतं, ‘साधन’मध्ये सगळं येतं का? तो म्हणाला, सगळं येतं. मग आतल्या गोष्टीवाचून कोणाचं अडलं होतं?”

सुनेने चहा ठेवला. “बाबा, आत दाखवलं नाही तर नाही चालत. वकिलांनी चारदा सांगितलंय.”

“आता सांगतात. तेव्हा कोणी सांगितलं?” मिस्त्री एकदम तिखट झाले, मग ओशाळले. “तू बस गं. सकाळपासून उभी आहेस.”

चाळणीबाईंनी चहा प्यायला आणि विषय बदलला. “सही करताना खालचं सगळं वाचलं होतंत?”

“एकेक ओळ. ‘वर दाखवलेली प्रत्येक रचना सांगितलेलं काम करते, हे मी खरं मानून लिहून देतो.’ सही म्हणजे शपथच असते की नाही?”

“असते. पण असं पाठ असणारा माणूस मला एकतीस वर्षांत भेटला नाही.”

मिस्त्रींचं नख थांबलं.

बाहेर पडताना बाईंनी सुनेला ४६ दाखवला. तिने कागद जवळ ओढून घेतला.

“हा त्यांनी काढला होता. मी शाई करत होते, तर म्हणाले, एवढा कान मला काढू दे. मी म्हटलं, हात थरथरतोय तुमचा, घाण कराल. म्हणाले, राहू दे, माझी सही समज.” तिने कागद परत दिला. “त्यानंतर अकराव्या दिवशी गेले. फाइल सहीला आली तेव्हा मी माहेरी होते, मला काही सुचत नव्हतं.”

“आणि तो प्रेस?”

“मामांनी दोन दिवसांत भंगारात काढला. म्हणाले, बाबांच्या डोळ्यांसमोर नको.”

४

मामांनी केबिनमध्ये उठून स्वागत केलं. फिरती खुर्ची आपसूक थोडी फिरली.

“सूनबाईने पाठवलंय ना? सांगा तिला, कागद मी घेतलेले नाहीत. पट्ट्याची कल्पना कंपनीला मी सांगितली, ते नाकारत नाही. पेटंटमध्ये नव्हती, कोणीही वापरावी. चोरीबिरी म्हणाल तर नऊ वर्षांनंतर कोण ऐकतंय?”

“निर्ढावलेले आहात.”

“विकणारा माणूस आहे, बाई. त्याशिवाय पोट भरत नाही.” पण डोळे दारावरच्या पाटीकडे गेले आणि तिथून पटकन परत आले.

“फाइल तुम्हीच नेलीत-आणलीत.”

“पाकीट उघडलंसुद्धा नाही. कागद नाहीत हे मला दाखल झाल्यावर कळलं. मला वाटलं…” मामांनी वाक्य सोडून दिलं.

चाळणीबाई टेबलावरचं कंपनीचं माहितीपत्रक उलटत होत्या. पट्टा सुनेच्या फाइलीतल्या, नवऱ्याने काढलेल्या कच्च्या चित्रात होता तसाच. पट्ट्याचं टोक अडकवायचा कानसुद्धा तोच. एकच गोष्ट जास्तीची होती. पट्ट्याचा ताण ठरवणाऱ्या नटावर लोखंडी झाकण, आणि झाकणाला कुलूप.

“मुलाच्या चित्रात हे झाकण नव्हतं,” बाई म्हणाल्या. “खर्चाची गोष्ट. गिऱ्हाईक मागत नाही, कायदा मागत नाही. कोणी सुचवलं?”

मामा चहात साखर ढवळायला लागले.

“हा नट कोणी ढिला केला तर काय होतं, हे आधी बघितल्याशिवाय त्याला कुलूप लावायचं डोक्यात येत नाही, मामा.”

मामांनी चमचा बशीत ठेवला. माहितीपत्रक आपल्याकडे ओढून त्यांनी ते पालथं घातलं.

“रविवारी सकाळी मी कारखान्यात आहे,” बाई उठल्या. “तुम्ही या, नका येऊ. मी बोलावणार नाही.”

५

रविवारी मशीन बंद होती. मिस्त्री, सून, चाळणीबाई. दहाच्या सुमारास दारात मामा येऊन उभे राहिले. नऊ वर्षांत त्यांनी तो उंबरठा ओलांडला नव्हता. बहीण तर त्याच्याही आधी गेलेली, त्यामुळे ‘ये’ म्हणणारं कोणी नव्हतं. ते दारातच उभे राहिले.

बाईंनी ट्रेसिंग टेबलावर पसरलं.

“कागद कधी गेले? मजकूर पुरा झाल्यावर, पण पानांचे आकडे पडायच्या आधी. म्हणजे शुक्रवार ते सोमवार, इथे. एजंट असता तर त्याने ४६ ठेवला नसता, त्याला झोप लागली नसती. मामा असते तर त्यांनी पानं उचलली असती. दुसऱ्या तऱ्हेच्या आकृत्या गेल्याच अख्ख्या. पण या तिसऱ्या आकृतीत खिट्टी आणि पट्टा एकत्र होते, म्हणून हा कागद ठेवून अर्धा खरवडावा लागला. कुठली रेघ कशाची हे मामांना कळलंच नसतं. आणि ज्याला नुकसान करायचं होतं, त्याने क्लेममधला ‘साधन’ शब्द कशाला सोडला असता? हे अशा माणसाने केलंय, ज्याला वाटत होतं की त्या एका शब्दात पट्टा सुखरूप आहे. आतलं चित्र गेलं तरी बिघडत नाही.”

सुनेची मान हळूहळू वळली.

“खरवडलेली जागा अंगठ्याच्या नखाने घासलीय,” बाई म्हणाल्या. “कडेची खरखर बघतात तशी. सगळं पुसलं. फक्त मुलाच्या हातची एक वस्तू होती, ती पुसवली नाही.”

“बाबा?”

मिस्त्रींनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

“‘प्रत्येक रचना सांगितलेलं काम करते.’ खाली सही करायची होती. मला.” त्यांचा आवाज कोरडा होता. “कुठे केलं काम? माझ्यादेखत हात आत होता आणि चाक थांबलं नाही. तो नवीन माणसाला दाखवायला नेहमी स्वतःचा हात घालायचा. म्हणायचा, बाबा, माझा पट्टा आहे, चावणार नाही.” त्यांनी सुनेकडे बघितलं. “आज ना उद्या कोणीतरी तो कागद वाचून म्हणालं असतं, हाच तो पट्टा, आपल्याच शोधाने मेला. मी त्याचं नाव झाकत होतो, सूनबाई. तुला तरी कसं सांगू, की त्याचं गणित चुकलं होतं?”

“नऊ वर्षं तुम्ही असं धरून चाललात?” सुनेचा स्वर फाटला. “नऊ वर्षं माझ्यासमोर जेवलात आणि…”

“त्याचं गणित चुकलं नव्हतं,” दारातून आवाज आला.

६

मामा आत आले नाहीत. चौकट धरून बोलले.

“मोठी ऑर्डर होती. पट्टा फार हळवा, बाही जवळ आली तरी थांबायचा. सकाळी मी नट दोन फेरे ढिला केला. दुपारी परत आवळणार होतो, भावोजी. दुपारीच आवळणार होतो.”

 सून उठली, मामांच्या दिशेने दोन पावलं गेली आणि तिथेच थांबली. पुढे जाऊन करायचं काय, हे तिला कळेना.

मिस्त्री रागावतील, वस्तू फेकतील, असं चाळणीबाईंना वाटलं होतं. त्यांनी फक्त मान वर केली आणि विचारलं, “मग पट्टा चालत होता?”

“चालत होता. म्हणून तर कंपनीला दिला. हजारो प्रेस आहेत आता त्यांचे. कुलूप लावून.”

“चालत होता,” मिस्त्री स्वतःशी म्हणाले. मग तोंडावर हात धरून असे रडले, की चालू नसलेली मशीनसुद्धा बघत राहिल्यासारखी वाटली.

रडणं ओसरल्यावर मामा म्हणाले, “उद्या कोर्टात मी सांगतो, कागद मी काढले. माझ्याबद्दल कोणाला खोटं वाटणार नाही.”

सुनेने चटकन बाईंकडे बघितलं. तिला उत्तर हवं होतं, आणि ते बाईंकडे होतं, हेच वाईट.

“चोरीला गेलं असेल तर कोर्ट परत जोडू देतं,” चाळणीबाई सावकाश म्हणाल्या. “४६चा कान जागेवर आहे, तेवढ्या आधारावर पट्टा उभा राहील. तुम्ही जिंकाल. पण अर्ज करणाऱ्यानेच समजून-उमजून काढला असेल, तर तो सोडलेला माल. परत मिळत नाही.”

“म्हणजे एक खोटं बोललं की पट्टा यांचा,” सून म्हणाली. “आणि खरं बोललं की कोणाचाच नाही.”

“कागदावर, हो.”

ती सासऱ्यांकडे वळली. “बाबा, तुम्ही म्हणाल तसं.”

मिस्त्रींनी अंगठा ट्रेसिंगवर ठेवला, कानाच्या अगदी शेजारी. “खोटं वाटलं म्हणून त्याच्या पट्ट्याखाली सही केली नाही मी. आता त्याच्यासाठी खोटी सही करू? तो काय म्हणेल?” मग अपराध्यासारखं, “पण कारखाना तुझा आहे, पोरी. मी आज आहे, उद्या नाही.”

सुनेने त्या थरथरलेल्या रेघेवरून बोट फिरवलं.

“मामा,” शेवटी ती म्हणाली, “तुम्ही जा. उद्या येऊ नका.” आणि मग सासऱ्यांना, “वकिलांना मी कळवते. दावा मागे घेऊ.”

जाताना दारात चाळणीबाई थांबल्या. सांगितल्याशिवाय त्यांना पाऊल उचलवेना.

“नऊ वर्षांपूर्वी मला हा ४६ दिसला होता. ‘हा भाग कोणता, खुलासा करावा.’ एका ओळीचं पत्र. दुरुस्तीची मुदत बाकी होती, तेव्हा पट्टा परत घालता आला असता. तुमच्या घरात तेव्हाच बोलणं झालं असतं. पण टेबलावर ढीग होता, आणि कानासारखा कान, काय बिघडतंय, म्हणून मी मंजूर केलं.”

सुनेने त्यांच्याकडे बघितलं. रागावण्याइतकं बळ तिच्यात उरलं नव्हतं. “तुम्ही आलात तरी,” ती म्हणाली, आणि दार लोटून घेतलं.

तर आता कोणी किती भरलं, ते. कंपनीने काही नाही. तिचे पट्टे चालू आहेत आणि त्यांच्याखाली लोकांचे हात शाबूत आहेत, हे कोणाच्या बाजूला धरायचं ते चाळणीबाईंना अजून ठरवता आलेलं नाही. एजंटाने काही नाही, त्याला प्रकरण आठवतही नाही. मामांनी केबिन सोडली नाही. खुर्ची मात्र भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे, असं चहा देणारा सांगतो. चाळणीबाईंनी झोप. मिस्त्रींनी नऊ वर्षं, मुलाला चुकीचा समजून घालवलेली, ती कोणी परत देत नाही. सुनेने कारखाना, ज्यात तिची एक रेघसुद्धा चुकली नव्हती. तिने तिसरी आकृती पुन्हा पूर्ण शाईने काढली, पट्टा, नट, सगळं. उजव्या बाजूला कानापुरती जागा तेवढी कोरी ठेवली, आणि जुनं ट्रेसिंग खाली धरून बघितलं. कान बरोबर जागेवर आला. ज्याने सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांहून जास्त भरलं, त्याच्या नावावर एवढंच निघालं.